काटा टोकाला चिकटला तेव्हा : गोयानिया, १९८७

२९ सप्टेंबर १९८७ च्या सकाळी ब्राझीलमधल्या गोयानिया शहरात एक वैद्यकीय भौतिकशास्त्रज्ञ उसना आणलेला किरणोत्सर्ग-मापक घेऊन सार्वजनिक आरोग्य खात्याच्या कार्यालयाकडे निघाला होता. कार्यालय अजून बरंच लांब असताना त्याने वाटेत मापक सुरू केला. काटा थेट शेवटच्या रेघेला जाऊन चिकटला. मापक या दिशेला धरला, त्या दिशेला धरला, तरी काटा हलेना. उपकरण बिघडलेलं असणार असं समजून तो मागे फिरला आणि बदली उपकरण घेऊन पुन्हा निघाला. दुसऱ्या उपकरणाचा काटाही तिथेच गेला, तेव्हा त्याची खात्री पटली.

गोयानियाच्या दुर्घटनेवर वैद्यकीय, कायदेशीर आणि सामाजिक अंगांनी पुष्कळ लिहिलं गेलं आहे. आंतरराष्ट्रीय अणुऊर्जा संस्थेचा १९८८ चा अहवाल तपशीलवार आहे आणि घटनांचा क्रम मी त्यावरूनच धरला आहे. इथे मात्र मला त्या एका सकाळपुरतंच बोलायचं आहे. हातातलं उपकरण अविश्वसनीय आकडा दाखवतं तेव्हा विश्वास आकड्यावर ठेवायचा की संशय उपकरणावर घ्यायचा? याचं उत्तर जागेवर शोधता येत नाही, ते निघण्यापूर्वी तयार असावं लागतं. कॅलिब्रेशन (उपकरणाचं वाचन ज्ञात, खऱ्या आकड्याशी ताडून पाहणं) म्हणजे भिंतीवर लावायचं प्रमाणपत्र असा समज अनेकांचा असतो. त्या सकाळीच्या दोन फेऱ्या नीट पाहिल्या की कॅलिब्रेशन नेमकं कशासाठी असतं ते समजतं.

त्या सकाळपर्यंत

शहरातल्या एका खासगी रेडिओथेरपी दवाखान्याने १९८५ च्या शेवटी जागा बदलली. जुन्या जागेत सीझियम-१३७ या किरणोत्सर्गी द्रव्याचं टेलिथेरपी यंत्र (कर्करोगावर बाहेरून किरण सोडणारं) तसंच राहिलं आणि इमारत अर्धवट पाडली गेली. १३ सप्टेंबर १९८७ च्या सुमारास दोन माणसांनी भंगारात विकण्यासाठी यंत्राचा स्रोत असलेला भाग उचकटून नेला. तो भंगारवाल्याकडे पोचला. कुपी फुटलेली होती आणि आतली भुकटी अंधारात निळसर चमकत होती. ती लोकांनी हाताळली, अंगाला लावली, नातेवाइकांना वाटली. भुकटी सीझियम क्लोराइडची होती, म्हणजे पाण्यात सहज विरघळणारी. हातावरून, कपड्यांवरून, पावलांवरून ती घरोघर गेली.

घरातली माणसं एकामागून एक आजारी पडू लागली. याचं मूळ त्या चमकणाऱ्या वस्तूत आहे हे प्रथम भंगारवाल्याच्या पत्नीच्या लक्षात आलं. २८ सप्टेंबरला तिने उरलेला भाग पिशवीत घालून, एका कामगाराला सोबत घेऊन, बसने आरोग्य खात्याचं कार्यालय गाठलं. पिशवी आधी डॉक्टरांच्या टेबलावर आली, नंतर त्यांनी ती अंगणात एका खुर्चीवर नेऊन ठेवली. त्याच सुमारास रुग्णालयातल्या एका डॉक्टरांना रुग्णांच्या त्वचेवरच्या जखमा किरणोत्सर्गाच्या असाव्यात अशी शंका आली आणि निरोप त्या भौतिकशास्त्रज्ञापर्यंत पोचला. भंगारवाल्याच्या पत्नीकडे ना उपकरण होतं ना शिक्षण, तरी तिने कार्यकारण ओळखलं. या प्रकरणातला सर्वांत महत्त्वाचा शोध तिचाच आहे, असं मी मानतो.

उपकरण कोणतं होतं

भौतिकशास्त्रज्ञाने मापक उसना घेतला तो न्यूक्लेब्रास या सरकारी अणुकंपनीच्या स्थानिक कार्यालयातून. तो सिंटिलेशन प्रकारचा, खनिजांच्या शोधासाठी वापरला जाणारा मापक होता. अशा मापकात गॅमा किरण शिरला की स्फटिकात प्रकाशाचा बारीक ठिपका उमटतो आणि फोटोमल्टिप्लायर नळी त्याचं विद्युत स्पंदात रूपांतर करते. खडकांतल्या युरेनियम-थोरियमचा थोडासा फरकही कळावा म्हणून तो मुद्दाम संवेदनशील केलेला असतो. त्याची मोजमापाची मर्यादा होती ताशी ०.०२ ते ३० मायक्रोग्रे (ग्रे हे शोषल्या गेलेल्या किरणोत्सर्गाच्या मात्रेचं एकक, मायक्रोग्रे त्याचा दहा लाखावा भाग).

बहुतेक ठिकाणी नैसर्गिक पार्श्वभूमी, म्हणजे माती, खडक आणि आकाशातून नेहमीच येणारा किरणोत्सर्ग, ताशी ०.१ मायक्रोग्रेच्या आसपास असते. म्हणजे हे उपकरण पार्श्वभूमीच्या सुमारे तीनशे पटीपर्यंत पाहू शकत होतं. भूगर्भशास्त्रज्ञाला त्यापलीकडे पाहायची वेळ सहसा येत नाही.

आता खुर्चीवरच्या पिशवीचा हिशेब करू. तिच्यात सुमारे ४.५ टेराबेक्वेरल सीझियम उरलं होतं (बेक्वेरल म्हणजे सेकंदाला एक अणुक्षय, टेरा म्हणजे लाख कोटी) आणि एक मीटर अंतरावर डोस रेट, म्हणजे दर तासाला मिळणारी मात्रा, ताशी सुमारे ०.४ ग्रे, म्हणजे ४,००,००० मायक्रोग्रे होता. अंतर दुप्पट झालं की डोस रेट चौथाई होतो. ४,००,००० ला ३० ने भागलं तर साधारण १३,३०० येतात आणि त्याचं वर्गमूळ ११५. हवेतलं शोषण आणि मधल्या भिंती बाजूला ठेवल्या, तर पिशवीपासून सुमारे ११५ मीटरपर्यंत कुठेही उभं राहिलं तरी तो काटा टोकालाच असणार. उपकरण तंतोतंत खरं बोलत होतं, फक्त त्याची भाषा ३० वर संपत होती.

दिशा बदलूनही काटा का हलला नाही, हेही यातूनच कळतं. असा मापक टॉर्चसारखा एकाच दिशेला पाहत नाही. सीझियमचे ६६२ किलोइलेक्ट्रॉनव्होल्टचे (हे किरणाच्या ऊर्जेचं एकक) गॅमा किरण मागून आले काय किंवा बाजूने आले काय, उपकरणाच्या पातळ आवरणातून आणि पकडणाऱ्याच्या शरीरातून बऱ्याच प्रमाणात पार होतात. शिवाय जमीन, भिंती आणि हवा यांवर आदळून विखुरलेले किरणही येतात. शरीराची आड केल्यावर थोडा फरक पडतो, पण तो फरक दिसायला काटा मर्यादेच्या आत असावा लागतो. मर्यादेच्या कितीतरी वर असलेलं वाचन निम्म्यावर आलं तरी काट्याला त्याचा पत्ता लागत नाही. 'सगळीकडे सारखंच दाखवतंय, म्हणजे बिघडलंय' हा निष्कर्ष म्हणूनच फसवा आहे.

संशय चुकीचा होता का

मला तसं वाटत नाही. सिंटिलेशन मापकाचा काटा बिघाडानेही टोकाला जातो. स्फटिकाच्या आवरणाला बारीकशी चीर पडून बाहेरचा प्रकाश आत शिरला, दमटपणामुळे उच्च विद्युतदाबाच्या भागातून विजेची गळती झाली, सर्किटमध्ये दोष आला, तर परिणाम हाच दिसतो. एखाद्या शहराच्या रस्त्यात पार्श्वभूमीच्या शेकडो पट किरणोत्सर्ग असणं त्या क्षणी बिघाडापेक्षा कमी संभाव्य वाटणं अगदी स्वाभाविक होतं. त्याने पुढे केलं तेही योग्य होतं. त्याने उपकरण फेकून दिलं नाही, आकडाही झटकून टाकला नाही, दुसरं उपकरण आणून पडताळा घेतला. दोन स्वतंत्र उपकरणं एकाच वेळी एकाच तऱ्हेने बिघडण्याची शक्यता फार कमी असते.

प्रश्न उरतो तो मधल्या वेळेचा. पिशवीच्या काळजीने दरम्यान अग्निशमन दलाला बोलावलं गेलं होतं आणि ती वस्तू उचलून नदीत टाकायचा त्यांचा विचार होता. भौतिकशास्त्रज्ञ दुसरा मापक घेऊन पोचला तो त्यांना अडवायला जेमतेम वेळेवर. पाण्यात विरघळणारं टेराबेक्वेरलभर सीझियम नदीत गेलं असतं तर काय झालं असतं, याचा विचार करताना आजही अंगावर काटा येतो.

त्या मधल्या फेरीची गरज कशाने टळली असती? फार साध्या तीन गोष्टींनी, आणि तिन्ही निघण्याच्या जागीच करायच्या असतात. पहिली, बॅटरी तपासणी. दुसरी, उपकरण तिथेच सुरू करून पार्श्वभूमीचं वाचन लिहून ठेवणं. ते ताशी ०.१ मायक्रोग्रेच्या आसपास स्थिर असेल, तर प्रकाशगळती किंवा सर्किटचा ढोबळ दोष नाही हे तिथल्या तिथे कळतं. तिसरी गोष्ट चेक सोर्स. हा अतिशय दुर्बल, सीलबंद स्रोत उपकरणाच्या ठरावीक खुणेवर ठेवला की दर वेळी तेवढंच वाचन यायला हवं. ते मागच्या नोंदीच्या २० टक्क्यांच्या आत असेल तर निघायचं, नसेल तर ते उपकरण बाजूला ठेवायचं. हे केल्यावर रस्त्यात काटा टोकाला गेला, तर 'बिघडलं असेल' ही शंका बरीच दुबळी होते आणि परत तपासायचं असेल तर चेक सोर्स खिशातच असतो.

चेक सोर्सबद्दल एक गोष्ट नेहमी विसरली जाते. तो स्वतःही क्षीण होत जातो. सीझियम-१३७ चा अर्धायुकाल (निम्मा होण्याचा काळ) सुमारे ३० वर्षांचा, म्हणजे दर वर्षी साधारण २.३ टक्के घट. गोयानियाच्याच स्रोताचे आकडे घेऊन हा हिशेब पडताळता येतो. १९७१ मध्ये तो ७४ टेराबेक्वेरल होता. १६ वर्षांनी तो ७४ च्या ६९ टक्के, म्हणजे ५१ च्या आसपास उरायला हवा. दुर्घटनेच्या वेळी तो ५०.९ होता. कोबाल्ट-६० चा चेक सोर्स असेल तर अर्धायुकाल जेमतेम सव्वापाच वर्षांचा, तिथे पाच वर्षांपूर्वीच्या आकड्याशी तुलना केली तर धडधाकट उपकरण नादुरुस्त ठरतं.

कॅलिब्रेशनने काय मिळालं असतं, काय नसतं

चेक सोर्स सांगतो ते एवढंच की उपकरण काल होतं तसंच आज आहे. काल ते बरोबर होतं की नाही, हे कॅलिब्रेशन सांगतं. प्रयोगशाळेत शिशाच्या जाड आवरणात ठेवलेल्या स्रोतातून, बहुतेक वेळा सीझियम-१३७ च्याच, अरुंद झोत सोडतात. रुळावर मागेपुढे सरकणाऱ्या गाड्यावर उपकरण ठेवतात. त्या त्या अंतरावरचा खरा डोस रेट राष्ट्रीय प्रमाणाशी जोडलेल्या आयन-कक्षाने (किरणांनी हवेत निर्माण झालेला विद्युतभार मोजणाऱ्या उपकरणाने) आधीच मोजलेला असतो. झोत ताशी २० मायक्रोग्रेचा असताना उपकरण २५ दाखवत असेल, तर त्या पट्ट्यात वाचनाला ०.८ ने गुणायचं. काट्याच्या उपकरणात प्रत्येक स्केलवर किमान दोन ठिकाणी, साधारण २० टक्के आणि ८० टक्क्यांवर, ही तुलना करण्याची पद्धत आहे. एकाच बिंदूवर जुळवलेलं उपकरण दुसऱ्या टोकाला किती चुकतं ते एका बिंदूवरून कळत नाही.

त्या सकाळीच्या मापकाचं कॅलिब्रेशन अगदी आदल्या दिवशी झालं असतं, तरी अंगणातला खरा आकडा त्याला सांगता आला नसता. मर्यादेबाहेरचं वाचन कॅलिब्रेशनने आत येत नाही. दुसरं असं की, खनिजशोधाची उपकरणं पोटॅशियम, युरेनियम आणि थोरियम यांच्या नैसर्गिक किरणांसाठी जुळवलेली असतात. त्यांतल्या ठळक रेषा १४६० पासून २६१५ किलोइलेक्ट्रॉनव्होल्टपर्यंत आहेत. सीझियमची ६६२ ची रेषा आणि त्याहून कमी ऊर्जेचे विखुरलेले किरण स्फटिकाला जास्त सहज सापडतात. त्यामुळे केवळ स्पंद मोजून डोस रेट दाखवणारं असं उपकरण कमी ऊर्जेला खऱ्यापेक्षा वरचा आकडा देतं. काटा टोकाला असताना हा फरक गौण आहे, पण पुढे त्याच उपकरणाने गल्लोगल्ली आकडे लिहायचे असतील तर तो गौण राहत नाही.

कॅलिब्रेशनचा एक भाग मात्र इथे थेट उपयोगी आहे. तो म्हणजे अतिभाराची चाचणी. मर्यादेच्या कितीतरी वरचा झोत उपकरणावर सोडायचा आणि काटा टोकालाच राहतो की खाली येतो ते पाहायचं. हे विशेषतः गायगर काउंटरबाबत, म्हणजे वायू भरलेल्या नळीने किरण मोजणाऱ्या उपकरणाबाबत, जीवनमरणाचं आहे. गायगर-म्युलर नळी एक स्पंद दिल्यावर साधारण १०० मायक्रोसेकंद बहिरी असते. सेकंदाला १०० खरे स्पंद येत असतील तर नुकसान एक टक्का. १०,००० येत असतील तर ती निम्मेच मोजते. त्याही पलीकडे काही नळ्या नव्या किरणांनी पुन्हा पुन्हा बहिऱ्या होत राहतात, वाचन खाली उतरू लागतं आणि अतितीव्र क्षेत्रात शून्याजवळ येऊ शकतं. जवळ जाताना आकडा चढला, चढला आणि मग उतरू लागला, तर साधा माणूस समजतो की धोका मागे पडला. गोयानियात काटा टोकाला राहिला, हे त्या उपकरणाचे उपकारच म्हणायचे. आपल्या हातातलं उपकरण अशा वेळी टोकाला राहतं की झोपी जातं, हे विकत घेतानाच विचारून लिहून ठेवावं.

टोकाला चिकटलेला काटाही मोजमाप देतो

टोकाला गेलेला काटा 'माहिती नाही' असं म्हणत नाही, तो 'किमान इतकं' असं सांगतो. निरोगी उपकरणाचा काटा टोकाला गेला तर पहिलं पाऊल पुढे टाकायचं नाही, आल्या वाटेने मागे यायचं, काटा मर्यादेत येईपर्यंत. तो जिथे परत हलू लागतो ती जागा फार मोलाची असते.

समजा, संशयित जागेपासून १०० मीटरवर काटा २५ वर स्थिरावला. वर्गाच्या नियमाने १०० चा वर्ग १०,००० आणि त्याला २५ ने गुणलं की एका मीटरवर ताशी २,५०,००० मायक्रोग्रे, म्हणजे पाव ग्रे. हवेने आणि भिंतींनी काही किरण खाल्ले असतील, म्हणून प्रत्यक्ष आकडा बहुधा याहून मोठाच. पण ताशी पाव ग्रे म्हणजे एका मीटरवर दिवसभरात प्राणघातक ठरू शकणारी मात्रा, एवढं ३० मायक्रोग्रेचं उपकरण शंभर मीटरवरून सांगून जातं. अग्निशमन दलाच्या जवानांना त्या अंगणात जाऊ द्यायचं की नाही, यासाठी तेवढं पुरे आहे. जागा ठाऊक नसेल तर चार-पाच बाजूंनी काटा हलू लागण्याचे बिंदू नकाशावर मांडायचे. ते सगळे एकाच वर्तुळावर बसत असतील तर स्रोत एक आणि मध्यभागी. बसत नसतील तर स्रोत अनेक असू शकतात, आणि गोयानियात ते अनेकच होते.

अधिक मर्यादेचं उपकरण हाती आल्यावर मात्र क्रम उलटा करायचा. ते सर्वांत वरच्या स्केलवर लावून दुरून सुरुवात करायची आणि काटा उठेनासा झाला तर एकेक स्केल खाली यायचं. आवाज चालू ठेवायचा. कानाला टकटकीतला बदल डोळ्याला काटा दिसण्याआधी कळतो, आणि डोळे पायाखाली लागतात. कोणत्या आकड्याला मागे फिरायचं, तो निघण्यापूर्वी ठरवून लिहायचा.

दुपारनंतरचं काम वेगळ्या जातीचं होतं

स्रोताची खात्री पटल्यावर इमारत रिकामी केली गेली आणि मोजणी भंगाराच्या अड्ड्यांकडे वळली. पुढे शहराच्या ऑलिंपिक स्टेडियमवर १,१२,००० हून जास्त लोकांची तपासणी झाली आणि २४९ जणांच्या अंगावर किंवा शरीरात सीझियम सापडलं. चार जण दगावले. त्यांत ती पिशवी घेऊन आलेली स्त्री होती आणि सहा वर्षांची एक मुलगी होती.

स्टेडियमवरच्या तपासणीला डोस रेटचा आकडा फारसा उपयोगी नसतो. तळहातावर भुकटीचा डाग आहे का, हा प्रश्न असतो आणि त्याचं उत्तर स्पंदांच्या संख्येत मिळतं. त्यासाठी पातळ खिडकीचा गायगर प्रोब लागतो, कारण सीझियमचे बीटा कण (वेगवान इलेक्ट्रॉन) उपकरणाच्या धातूच्या आवरणात अडकतात. प्रोब त्वचेपासून सेंटिमीटरभर अंतरावर, अगदी सावकाश फिरवावा लागतो. झपकन फिरवला तर डाग निसटतो. प्रोबवर पातळ प्लॅस्टिक चढवायचं, नाहीतर पहिल्या दूषित माणसानंतर प्रोबच दूषित होतो आणि पुढचा प्रत्येक जण दूषित ठरतो. अशा प्रोबचं कॅलिब्रेशनही वेगळं असतं. ज्ञात क्षेत्रफळाच्या आणि ज्ञात बेक्वेरलच्या चकतीवर तो धरून एका स्पंदामागे किती बेक्वेरल हे काढलं जातं. सीझियमच्या झोतात जुळवलेल्या डोस मीटरवर हा आकडा मिळत नाही आणि या प्रोबवरून डोस रेट काढणंही चूक. उपकरणांना तिथल्या उकाड्याचा, दमटपणाचा आणि पावसाचा सामना करावा लागला, आणि प्रयोगशाळेसाठी बनवलेल्या उपकरणांची मैदानात काय गत होते हेही समोर आलं.

हाताने होणाऱ्या मोजणीची सीमाही याच प्रकरणात दिसली. नंतर हेलिकॉप्टरमधून शहराच्या ६७ चौरस किलोमीटरची पाहणी दोन दिवसांत झाली, तेव्हा आधी कोणाच्याच नजरेला न आलेली एक जागा सापडली. तिथे एक मीटरवर ताशी २१ मिलिसिव्हर्ट होते (गॅमा किरणांसाठी एक सिव्हर्ट जवळपास एका ग्रेएवढाच). वरचाच हिशेब लावला, तर त्या सकाळीच्या मापकाचा काटा तिथे पंचवीस-सव्वीस मीटरवरूनच टोकाला गेला असता. पण त्या गल्लीत तो घेऊन कोणी गेलेलं नव्हतं.

आजच्या खिशातल्या मापकासाठी

आज गायगर नळीचे छोटे मापक कोणालाही विकत मिळतात आणि पडद्यावर मायक्रोसिव्हर्टचा आकडा दोन दशांश स्थळांपर्यंत झळकतो. त्यामागे बहुधा एकच गुणक असतो. मिनिटाला मोजलेले स्पंद त्याने गुणले जातात आणि तो सीझियमच्या गॅमा किरणांसाठीच खरा असतो. अमेरिशियमचे ६० किलोइलेक्ट्रॉनव्होल्टचे किरण किंवा क्ष-किरण आले, तर कमी ऊर्जेचे किरण अडवणारी धातूची गाळणी नसलेली नळी कित्येकपट जास्त दाखवू शकते. बीटा कण खिडकीतून शिरले तर 'मायक्रोसिव्हर्ट' या शब्दाला अर्थच उरत नाही. काही मिलिमीटर जाड ॲल्युमिनियमची पट्टी मध्ये धरून वाचन किती पडतं ते पाहावं, जेवढं पडलं तेवढं मुख्यतः बीटाचं.

पार्श्वभूमीचं वाचन घाईने घेऊ नये. मिनिटाला सरासरी २० स्पंद येत असतील, तर एका मिनिटाच्या मोजणीत साडेचारचा चढउतार निव्वळ योगायोगाचा असतो, म्हणजे २२ टक्के. दहा मिनिटं मोजून २०० स्पंद जमवले की तो १४ वर, म्हणजे ७ टक्क्यांवर येतो. १६ चे २४ झाले म्हणून घाबरणाऱ्यांना एवढं गणित पुरतं.

प्रयोगशाळेचा झोत प्रत्येकाला मिळणार नाही, पण स्थिरतेची तपासणी कोणालाही करता येते. पोटॅशियम क्लोराइडच्या एका ग्रॅममध्ये पोटॅशियम-४० चे सेकंदाला सुमारे १६ क्षय होतात आणि त्याचा अर्धायुकाल सव्वाशे कोटी वर्षांचा आहे, म्हणजे क्षयाची दुरुस्ती कधीच करावी लागत नाही. पातळ डबीत ठरावीक वजनाची भुकटी भरून सील करावी, मापक दर वेळी त्याच खुणेवर, त्याच अंतरावर ठेवावा, पंधरा-वीस मिनिटं मोजावं, पार्श्वभूमी वजा करावी आणि तारखेसह वहीत लिहावं. हे कॅलिब्रेशन नव्हे, कारण यातून डोस रेट खरा आहे की नाही ते कळत नाही. पण वहीत ओळीने सारखे आकडे असलेला मापक एक दिवस टोकाला गेला, तर त्याच्या मालकाला बदली उपकरण आणायला परत जावं लागणार नाही. तो जागेवरूनच मागे सरकेल, इतरांना मागे सरकवेल आणि काटा हलू लागेपर्यंतची पावलं मोजेल.